हातातली विद्या आणि बंद सभागृहे : महामारीच्या काळातील जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षण

जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षकाचे बरेचसे ज्ञान त्याच्या हातांत असते. शिकणारा हवेत उलटत असताना त्याच्या कमरेला किंवा खांद्याला नेमक्या क्षणी हात लावून गिरकीला गती देणे आणि तोल गेलाच तर शरीर सावरणे, या क्रियेला ‘स्पॉटिंग’ म्हणतात. तिचा अंदाज एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे पाहून आणि करून जात असल्याने तो लिखित स्वरूपात फारसा आढळत नाही. त्यामुळे ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले आणि देशोदेशीची सभागृहे बंद झाली, तेव्हा सरावाबरोबरच शिकवण्याच्या पद्धतीचा आधारही या खेळाने गमावला.

हा खेळ सभागृहावर इतका अवलंबून का राहिला, याचे उत्तर त्याच्या पूर्वेतिहासात सापडते. फ्रीड्रिख लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडे भागात मोकळ्या मैदानावर व्यायामाची जागा उभारली, तेथे उपकरणे उघड्यावर होती आणि प्रत्येक तुकडीपुढे ‘फोरटुर्नर’, म्हणजे आधी स्वतः करून दाखवणारा अनुभवी गडी, असे. या मंडळींच्या राष्ट्रवादी राजकारणाचा संशय येऊन प्रशियाच्या सरकारने १८१९ मध्ये यान यांना अटक केली आणि १८२० पासून सार्वजनिक व्यायामावर बंदी घातली. ती १८४२ मध्ये उठली. बंदीच्या या काळात जो सराव टिकला तो बराचसा बंदिस्त जागांच्या आश्रयाने टिकला, आणि पुढे शाळांमधून व्यायामाचा प्रसार झाला तोही मुख्यतः सभागृहांतून. विसाव्या शतकात जाड गाद्या, उसळी देणारा फ्लोअर आणि फोमच्या तुकड्यांनी भरलेले खड्डे आल्यावर अवघड कसरती सुरक्षितपणे शिकवता येऊ लागल्या, पण त्याबरोबर हा खेळ सभागृहाशी कायमचा बांधला गेला.

या अवलंबित्वाची किंमत २०२० मध्ये दिसून आली. बाकू येथील विश्वचषक मालिकेच्या स्पर्धेत मार्चमध्ये पात्रता फेरी झाल्यानंतर अंतिम फेऱ्या रद्द कराव्या लागल्या आणि २४ मार्च रोजी टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. प्रशिक्षकांनी व्हिडिओ कॉलवरून हँडस्टँड, पोटाच्या व खांद्यांच्या स्नायूंचे व्यायाम आणि लवचिकतेचा सराव चालू ठेवला. तथापि बार सोडून पुन्हा पकडण्याच्या कसरती, व्हॉल्टवरील झेप आणि दुहेरी गिरक्या घरात करणे शक्यच नव्हते. सभागृहे टप्प्याटप्प्याने उघडल्यावरही, खड्ड्यातील फोमचे तुकडे निर्जंतुक करणे कठीण आणि पकडीसाठी वापरायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड एकाच भांड्यातून घेणे धोक्याचे, असे प्रश्न उरले होते. शारीरिक अंतर राखण्याच्या नियमांमुळे हाताचा आधार देण्यावरही मर्यादा आल्या.

संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न वयात येणाऱ्या खेळाडूंचा होता. सराव थांबल्यावर शक्ती आणि कौशल्य ओसरण्याच्या प्रक्रियेला ‘डिट्रेनिंग’ म्हणतात. प्रौढ खेळाडूच्या बाबतीत ती उलटवता येते, पण किशोरवयीन खेळाडू परततो तेव्हा त्याचे शरीरच बदललेले असते. उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारणतः बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, आणि गिरकीला शरीर जो विरोध करते, म्हणजे त्याचे जडत्व-आघूर्ण, ते उंचीच्या मानाने फार झपाट्याने वाढते. शरीराची ठेवण तीच राहून उंची पाच टक्क्यांनी वाढली, तर हा विरोध गणिताने सुमारे २८ टक्क्यांनी वाढतो, म्हणून जुन्या अंदाजाने घेतलेली उडी अपुरी पडू शकते. रोजच्या सरावात हा बदल नकळत पचवला जातो. खंडानंतर मात्र तो एकदम समोर येतो, आणि म्हणूनच परतणाऱ्या मुलांना अवघड कसरतीकडे पायरीपायरीने नेणे आवश्यक ठरले.

वयाचा प्रश्न नियमांतही उमटला. महिलांच्या वरिष्ठ स्पर्धेसाठी त्या वर्षात सोळा पूर्ण होणे आवश्यक असल्याने, ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ मध्ये जन्मलेल्या मुलींना पात्र ठरवले; त्यांपैकी व्हिक्टोरिया लिस्तुनोव्हा रशियन ऑलिंपिक समितीच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होती. भारताच्या प्रणती नायकला मात्र २०२१ ची आशियाई स्पर्धा रद्द झाल्यामुळे खंडनिहाय राखीव जागेतून प्रवेश मिळाला, आणि तयारीसाठी तिच्या हाती जेमतेम दोन-तीन महिने उरले.

सभागृहे बंद असतानाच या विद्येच्या दुसऱ्या बाजूची झडती सुरू झाली. अमेरिकी जिम्नॅस्टिक्समधील लैंगिक अत्याचारांवरील ‘अ‍ॅथलीट ए’ हा माहितीपट जून २०२० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्या उन्हाळ्यात ‘जिम्नॅस्ट अलायन्स’ या नावाखाली अनेक देशांतील खेळाडूंनी अपमान, उपासमार आणि दुखापतीत करवून घेतलेला सराव यांविषयी जाहीरपणे लिहिले. ब्रिटनमध्ये नेमलेल्या व्हाइट चौकशीला चारशेहून अधिक निवेदने मिळाली आणि तिचा अहवाल जून २०२२ मध्ये आला. ज्या हाताच्या अभावी शिकवणे अडले होते, तो हात कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या देखरेखीखाली लावला जातो, हा प्रश्न त्यामुळे टाळता येण्यासारखा राहिला नाही.

या व्यवसायाच्या इतिहासात २०२०-२१ चे महत्त्व या दोन घडामोडींच्या संयोगात आहे. स्पर्शाविना शिकवायचे म्हटल्यावर प्रशिक्षकांना कसरतीचे टप्पे शब्दांत मांडावे लागले, चित्रफिती तपासून चूक नेमकी कोठे होते ते सांगावे लागले आणि घरच्या सरावाचे आराखडे खेळाडूंच्या पालकांपुढे ठेवावे लागले. हवेतील शरीर सावरण्याचे काम पडद्यावरून होत नाही, त्यामुळे स्पॉटिंग परतले आणि त्याची गरजही निर्विवाद राहिली. परंतु प्रशिक्षकाची पद्धत एकदा सभागृहाबाहेर दिसू लागल्यावर तिच्याबद्दल विचारणा करणे पालकांना आणि खेळाडूंना पूर्वीपेक्षा सोपे झाले, आणि केवळ अनुभवाचा हवाला देऊन ती टाळणे प्रशिक्षकाला तितकेच अवघड झाले.