गण, महाजन आणि सभा : सुरतेतून दिसणारा प्रजासत्ताकाचा विचार



ज्यांच्या स्मृतीनिमित्त हे व्याख्यान योजिले जाते, ते इतिहासाचे शिक्षक होते आणि आपल्या गावापासून इतिहास शिकवावा असा त्यांचा आग्रह असे. म्हणून ‘प्रजासत्ताकाचा विचार : प्राचीन काळापासून अर्वाचीन काळापर्यंत’ हा विषय मजकडे आला तेव्हा तो अथेन्स आणि रोम येथून सुरू न करता तापीच्या काठापासून सुरू करावा असे मी ठरविले. सुरतेत कधी गणराज्य नव्हते. येथे नवाब होता, मोगलांचा मुत्सद्दी होता, पुढे कंपनीचा कलेक्टर होता. परंतु राज्य कोणाचे, आणि ज्यांचे ते नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न या शहराने वेळोवेळी विचारला आहे. प्रजासत्ताकाच्या विचाराचे बीज याच प्रश्नात आहे.

प्रथम एक खुलासा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात संघराज्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. लिच्छवी, वृजी, मल्ल इत्यादींचे प्रमुख ‘राजा’ ही पदवी मिरविणारे. तर कंबोज आणि सुराष्ट्र येथील क्षत्रियश्रेणी शेती, व्यापार व शस्त्र यांवर उपजीविका करणाऱ्या. हे सुराष्ट्र म्हणजे आजचे सौराष्ट्र, आपली सुरत नव्हे. नामसादृश्यामुळे होणारा घोटाळा टाळलेला बरा. तरीही खंबायतच्या आखाताच्या पलीकडच्या तीरावर, व्यापार आणि आत्मरक्षण ही दोन्ही कामे स्वतःच करणारे समुदाय दोन हजार वर्षांपूर्वी होते, ही गोष्ट या भूभागाच्या स्वभावाविषयी काही सांगते. कौटिल्याला अर्थात या संघांचे कौतुक नाही. सैन्य किंवा मित्र मिळविण्यापेक्षा संघ आपल्या बाजूस मिळविणे अधिक लाभाचे, असे तो म्हणतो आणि लगेच त्यांच्यात फूट कशी पाडावी याचे पाठ देतो. महाभारताच्या शांतिपर्वातही गणांचा नाश भेदानेच होतो, असे भीष्म युधिष्ठिरास सांगतात. अंधक-वृष्णींच्या संघाचा कारभार चालविताना आप्तांचीच कटू वाक्ये सोसावी लागतात, अशी श्रीकृष्णाची नारदापाशी केलेली तक्रारही त्याच पर्वात आहे. सार्वजनिक संस्थेत चिटणीसपद भूषविलेल्या कोणालाही ती आपलीच वाटेल.

काशीप्रसाद जयस्वालांचा ‘हिंदू पॉलिटी’ हा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या गणांचा शोध म्हणजे स्वराज्याच्या मागणीस मिळालेला पुरावाच होता. त्या भरात काही अतिशयोक्ती झाली. आपल्या कोल्हापूरकडील डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी पुढे तोल सावरला. गुजरात-काठेवाडातील प्राचीन नगरांवरही ग्रंथ लिहिलेला हा पंडित. गणांतील सत्ता बहुधा क्षत्रिय कुळांच्या हाती होती आणि शेतात राबणाऱ्यांना तेथे आवाज नव्हता, हे त्यांनी लपविले नाही. अथेन्सची गोष्ट निराळी नाही. तेथील सभेत स्त्रिया नव्हत्या, दास नव्हते आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले ‘मेटिक’ही नव्हते. नागरिकत्वाची व्याख्या करणारा ॲरिस्टॉटल स्वतः त्या नगरात मेटिकच होता.

रोमकडे पाहू. ‘रेस पब्लिका’ म्हणजे सार्वजनिक वस्तू, सर्वांची मालमत्ता. राज्य हे राजाचे घर नव्हे, एवढेच त्या शब्दात आहे. पण ते ‘एवढेच’ फार मोठे आहे. रोमन परंपरेनुसार इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले सामान्यजन नगर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी शस्त्र उचलले नाही, फक्त निघून गेले. तेव्हा सरदारवर्गाला तडजोड करावी लागली आणि सामान्यांचे रक्षण करणारे ‘ट्रिब्यून’ हे पद निर्माण झाले. मॅकियाव्हेलीने या कलहाचा पुढे असा अर्थ लावला की, रोमचे स्वातंत्र्य श्रेष्ठ आणि सामान्य यांच्या भांडणांतूनच जन्मले. भांडण म्हणजे राज्याचा रोग, या रूढ समजुतीला दिलेला तो धक्का होता.

आता सुरतेकडे या. १६६४ आणि १६७० या सालांशी मराठी माणसाचा सुरतेशी असलेला पहिला परिचय निगडित आहे. त्याविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. मला त्या दोहोंच्या मधले एक साल महत्त्वाचे वाटते, १६६९. त्या वर्षी येथील काझीच्या धर्मविषयक जुलमाला कंटाळून सुरतेचे वाणी-व्यापारी सप्टेंबरात शहर सोडून भडोचला निघून गेले. इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत त्यांची संख्या आठ हजार दिली आहे. त्यांचा पुढारी भीमजी पारेख. त्यांनी प्रथम मुंबईत आश्रय मिळेल का अशी विचारणा इंग्रजांकडे केली होती; पण वखारीचा प्रमुख जेराल्ड ऑन्जिअर याने बादशहाचा रोष नको म्हणून सावध उत्तर दिले. व्यापारी गेल्यावर बाजार थंड पडला, टांकसाळ आणि जकातीचे नाके ओस पडले. अखेर औरंगजेबाकडून अभयाचे आश्वासन आल्यावर डिसेंबरात ते परतले.

रोमच्या टेकडीची आठवण यावी असा हा प्रसंग. पण दोहोंची निष्पत्ती ताडून पाहा. रोमच्या लोकांनी परतताना एक पद मिळविले, जे मागून येणाऱ्या पिढ्यांना वापरता आले. सुरतकरांनी एक पत्र मिळविले. पत्र देणारा ते परतही घेऊ शकतो. चांगला धनी मिळणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, धनीच नसणे म्हणजे स्वातंत्र्य, हा प्रजासत्ताकवाद्यांचा मूळ सिद्धान्त आहे. आपल्या महाजनांना धन्याला नमविता आले. धनीपण मोडावे ही कल्पना त्यांच्या मनाला शिवली नाही. हा दोष मी त्यांच्या माथी मारीत नाही. सतराव्या शतकातील पृथ्वीवर ती कल्पना फार थोड्यांना सुचली होती.

महाजनांचे हे हत्यार पुढे दोनशे वर्षे धारदार राहिले. १८४४ साली कंपनीने मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला तेव्हा सुरतेत बाजार बंद झाले, मोठा दंगा उसळला आणि सरकारला वाढीचा काही भाग मागे घ्यावा लागला. १८४८ मध्ये बंगाली वजनमापे लादण्याचा बेतही दुकानदारांच्या बहिष्कारापुढे टिकला नाही.

याच १८४४ साली, जूनच्या २२ तारखेस, याच शहरात दुसरे एक काम सुरू झाले. त्याचा गाजावाजा झाला नाही, पण माझ्या दृष्टीने ते अधिक मूलगामी होते. दुर्गाराम मंछाराम मेहताजी आणि त्यांच्या स्नेह्यांनी ‘मानवधर्म सभा’ स्थापिली. त्या पाच संस्थापकांत एक मराठी गृहस्थ होते: मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. शिक्षकी पेशाच्या निमित्ताने ते सुरतेत होते. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांची स्थिती, मंत्रतंत्र या विषयांवर सभेत उघड चर्चा चाले. मांत्रिकांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले होते. महाजनात प्रवेश जन्माने आणि धंद्याने मिळे. या सभेत तो युक्तिवादाने मिळे. दादोबांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रात टोपणनावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर कठोर टीका केली होती. एका भावाने राज्यकर्त्याला जाब विचारला, दुसऱ्याने जातीला. तर्खडकरांच्या घरात ही वाटणी कशी झाली कोण जाणे. दादोबा मुंबईस परतल्यानंतर तेथे परमहंस सभा निघाली. पण ती गुप्तपणे चाले. सुरतेची सभा उघड होती, ही गोष्ट आपण सुरतकरांनी थोडी अभिमानाने सांगण्यास हरकत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे, आणि नेमका म्हणूनच तो चुकीचा ठाऊक आहे. डिसेंबर १९०७ मधील सुरतेची काँग्रेस म्हटली की जोडा आठवतो. ‘मँचेस्टर गार्डियन’चा बातमीदार नेव्हिन्सन हजर होता; त्याने त्या लालसर, टोकदार मराठी जोड्याचे वर्णन अजरामर करून ठेवले. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आपटला, इत्यादी. परंतु भांडण मुळात कशाचे होते?

अधिवेशन नागपूरहून सुरतेस हलविले गेले होते. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने मंजूर केलेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव येथे पातळ केले जाणार, अशी राष्ट्रीय पक्षाला शंका होती. २६ तारखेस अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविले. अनुमोदन देण्यास सुरेंद्रनाथ उभे राहिले आणि गोंधळामुळे सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी सभा भरण्यापूर्वी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांना चिठ्ठी पाठविली: अध्यक्षाच्या निवडीच्या ठरावावर मला तहकुबीची उपसूचना मांडावयाची आहे. चिठ्ठीला उत्तर आले नाही. पुकारा झाला नाही. अनुमोदन झाले, मत घेतल्याचे जाहीर झाले, डॉ. घोष भाषणास उठले. तेव्हा टिळक व्यासपीठावर गेले, हात बांधून उभे राहिले आणि सभेकडे दाद मागण्याचा आपला हक्क असल्याचे सांगू लागले. माळवींनी उपसूचना नियमबाह्य ठरविली. पुढचे खुर्च्या आणि काठ्यांचे प्रकरण तुम्हांस ठाऊक आहे. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

म्हणजे प्रश्न होता तो सभेचा धनी कोण, हा. बौद्ध संघाच्या विनयात याची रीत बांधलेली होती. आधी ‘ज्ञप्ति’ मांडावयाची, मग प्रस्ताव एकदा किंवा तीनदा पुकारावयाचा. मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. मतभेद राहिला तर शलाका वाटून मोजणी. आणि शलाका वाटणारा पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असला पाहिजे, अशी त्याची पात्रता. मौन म्हणजे संमती, हे तेथे चालते. कारण बोलण्याची संधी खरोखरच दिलेली असते. जेथे ती संधी नाही तेथे मौनाचा अर्थ काहीच होत नाही.

टिळकांचे सर्वच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. मंडपात बहुसंख्य प्रतिनिधी घोष यांच्याच बाजूचे होते आणि टिळकांच्या अनुयायांनी आदल्या दिवशी सुरेंद्रनाथांना बोलू दिले नव्हते, हेही तितकेच खरे. स्वतःला बोलण्याचा हक्क मागणाऱ्या पक्षाने दुसऱ्याचा हक्क ओरडून बुडवावा, ही विसंगती टिळकभक्तांनी फारशी तपासलेली नाही. फुटीनंतर मवाळांनी एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेस काँग्रेससाठी सविस्तर घटना तयार केली. ध्येयवाक्यावर सही करील त्यालाच प्रवेश. मॅकियाव्हेलीच्या रोममध्ये भांडणाने दार उघडले होते, येथे ते बंद झाले. ते उघडून १९१६ साली लखनौस दोन्ही पक्ष एकत्र आले, तोवर टिळकांची मंडालेची सहा वर्षे संपून गेली होती.

सुरत जिल्ह्याने उत्तरार्ध बारडोलीत लिहिला. १९२८ च्या लढ्यापूर्वी सारावाढ सुमारे बावीस टक्के ठरली होती. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा रोखला, पण त्यांची मागणी सूट द्या अशी नव्हती. आकारणी योग्य आहे की नाही, हे स्वतंत्र चौकशीने ठरवा, एवढीच होती. कर लावणाऱ्यानेच त्याचा न्याय करू नये, हे प्रजासत्ताकाचे जुने सूत्र खेड्यातील शेतकऱ्यांनी अचूक पकडले होते. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या समितीने वाढ ६.०३ टक्के एवढीच योग्य ठरविली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावणारे न्यायाधीश. १६६९ च्या पत्रापेक्षा हे पाऊल पुढचे होते, यात शंका नाही.

तथापि बारडोलीच्या त्याच शेतांत दुबळा जमातीचे ‘हाळी’ राबत होते, कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या धन्याशी बांधलेले. साऱ्याविरुद्धच्या लढ्यात ते धन्यांच्या बाजूला उभे राहिले. लढ्याच्या मागण्यांत ते नव्हते. लिच्छवींचे, अथेन्सचे, रोमचे जे न्यून, तेच येथे होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी बौद्ध संघाच्या सभानियमांचा उल्लेख केला आणि हा देश ती रीत एकदा गमावून बसला आहे, याचे स्मरण दिले. राजकारणात समता आणि समाजात विषमता, असे परस्परविरोधी जीवन आपण सुरू करीत आहोत, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. हाळींना पाहिलेल्या माणसाला ते भाषण समजावून सांगावे लागत नाही.

मित्रहो, या सभागृहातील अनेकांचे आजोबा-पणजोबा खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने येथे आले, गिरण्यांत आणि मागांवर कामाला लागले. ते काही काळ या नगराचे मेटिकच होते. मतदारयादीत नाव, नगरपालिकेत प्रतिनिधी, मराठी माध्यमाची शाळा, हे सारे एकेक करून आले, आपोआप आले नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात ओडिशाचे यंत्रमाग कामगार आम्हांस गावी जाऊ द्या म्हणून याच शहरात रस्त्यावर उतरले, तेव्हा मला भीमजी पारेख आठवले. ते भडोचला गेले तेव्हा त्यांना परत आणण्यासाठी बादशहाचे अभय यावे लागले. या कामगारांना जाण्याचीही मुभा नव्हती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे सुरतेच्या मतदारयादीत नव्हती.