भाग : दांड्याचा इतिहास – जो मातीत टिकत नाही

आज जरा वेगळा विषय घेतलाय. इतिहास म्हटलं की आपण तलवारी, तोफा, नाणी बघतो. पण ज्या हत्यारांनी रानं तोडली, जमिनी कसल्या, त्यांचा अर्धा भाग आपल्याला संग्रहालयात दिसतच नाही. तो म्हणजे लाकडी दांडा.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. या गावात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत, ३,००० वर्षांहून जुन्या. गंमत अशी, की त्यांना दांडा घालायला भोकच नाही! मग दांडा बसवायचे कसा? आपल्या हवेत आणि मातीत लाकूड कुजून जातं, त्यामुळे इथे थेट उत्तर मिळत नाही.

पण तशी एक कुऱ्हाड आल्प्समध्ये बर्फाने जपून ठेवली. १९९१ साली तिथे ‘ओत्झी’ नावाने प्रसिद्ध झालेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या कुऱ्हाडीचं पातं तांब्याचं आहे आणि जवळपास ६० सेंटीमीटरचा लाकडी दांडा शाबूत आहे. दांड्याच्या वाकड्या टोकाला खाच करून त्यात पातं बसवलंय, झाडाच्या डिंकासारख्या डांबराने चिकटवलंय आणि वरून चामड्याची वादी आवळलीय.

आता विदर्भात या. नागपूरजवळ माहूरझरी, नायकुंड इथल्या शिळावर्तुळांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्याही चपट्याच, पण काहींवर लोखंडी पट्ट्या आडव्या गुंडाळलेल्या आहेत. त्या दांडा आणि पातं एकत्र धरून ठेवायच्या. म्हणजे लाकूड गेलं, पण दांडा निसटण्याची काळजी मात्र लोखंडात शिल्लक राहिली!

पुढे पात्यालाच भोक आलं आणि काम सोपं झालं. तरी युक्ती लागतेच. कुऱ्हाडीचा दांडा खालून घालतात आणि वरून पाचर ठोकतात. टिकावाचं उलट. तिथे दांडा वरून सोडतात, त्याचं वरचं टोक जाड असतं, त्यामुळे फिरवताना पातं आणखी घट्ट बसतं. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की हत्यार थोडा वेळ पाण्यात ठेवायचं. लाकूड फुगतं, दांडा आवळून बसतो.

आणि लाकूड कोणतंही चालत नाही बरं का. बाभूळ कठीण, तिवस चिवट. धामण लवचिक, म्हणून तिची धनुष्यंही करत. रेषा सरळ हव्यात, गाठ नको, आणि सावलीत वाळवलेलं हवं. उन्हात घाईने वाळवलं तर तडकतं. गावगाड्यात पातं लोहाराचं, दांडा सुताराचा. दोघेही बलुतेदार, त्यांना सुगीला धान्य मिळायचं. एक अवजार, पण मेहनत दोन घरांची.

मग प्रश्न येतो, हे लाकूड आणायचं कुठून? १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा ठरला. बांधावर बाभूळ असलेला शेतकरी निभावून नेई. पण ज्याचं सगळं रानावर अवलंबून, त्याने काय करायचं? सरपण, चारा, नांगर, दांडा, सगळ्यालाच परवानगी! हा राग १९३० च्या जंगल सत्याग्रहात बाहेर आला. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मारली गेली.

आपल्याकडे म्हण आहे, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’. दांडा लाकडाचा आणि तोडतो लाकूडच. म्हणीत तो फितूर ठरतो. पण चिरनेरला तोच दांडा रानावरचा आपला हक्क सांगणाऱ्यांच्या हातात होता.

तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात एखादं गंजलेलं पातं दिसलं, तर त्याच्यामागची रिकामी जागाही बघा. माणसाचा हात तिथेच होता. भेटू पुढच्या भागात!