निवळ, पेज, आटवल

माझी आजी दुखणेकऱ्याच्या पेजेचे तांदूळ मापट्याने घेत नसे, मुठीने घेई. आमचं घर रत्नागिरीजवळच्या पावसच्या अलीकडे. गावात कुणाला मुदतीचा ताप, म्हणजे विषमज्वर, आला की तो उतरेपर्यंत लंघन, असा तेव्हा रिवाज. वीस-एकवीस दिवस माणूस उकळलेल्या पाण्यावर नि चमचा-चमचा मोसंब्याच्या रसावर काढायचा. ते लंघन चूकच होतं. पण ताप उतरल्यावर अन्न परत कसं द्यायचं, हे आजीला नेमकं ठाऊक होतं. त्याची किंमत मला 1963च्या श्रावणात कळली.

खालच्या वाडीतला सोळा वर्षांचा मुलगा. बाविसाव्या दिवशी त्याचा ताप उतरला. मुंबईहून मामा आला होता. भाचा वाचला या आनंदात त्याने शिरा करायला लावला, दुसऱ्या दिवशी घावन आणि नारळाचा रस. पोराला भूक अशी लागलेली की ताटावरून उठेना, आणि बघणाऱ्यांनाही बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पावलं सुजली. मग धाप लागली, हात लटपटू लागले. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. लोक म्हणाले, नजर लागली. आजी एवढंच म्हणाली, "बाये, त्याला कुणी निवळ दिली नाही गो." तो मामा पुन्हा गावात आलेला मी पाहिला नाही.

मी पुढे परिचारिका झाले आणि चौतीस वर्षं वॉर्डात काढली. तिथे त्या मृत्यूचा उलगडा झाला. उपाशी शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगतं. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू संपत जातं, तरी रक्ताच्या तपासणीत आकडे बरेचदा ठीकच दिसतात. अशा माणसाला एकदम भात-साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलंसुरलं होतं तेही पेशींमध्ये ओढून नेतं. रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, बी-1 जीवनसत्त्व पिष्टान्न पचवण्यात खर्ची पडतं, अंगात पाणी साठतं. भुकेने आधीच झिजलेलं हृदय हे पेलू शकत नाही. धोका मोठा असतो तो पहिल्या चार-पाच दिवसांतच, घरचे निश्चिंत झालेले असतात तेव्हा.

आजीचा क्रम असा होता. पहिल्या दिवशी नुसती निवळ: पेजेवरचं पाणी, मिठाचा खडा घालून. मग शितांसकट पेज. मग आटवल, म्हणजे पाणी आटवून घट्ट केलेली पेज. त्यानंतर मुगाचं कढण, आणि सगळं अंगी लागतंय असं दिसलं तरच मऊ भात नि तुपाची धार. यात आठवडा जायचा. चरकसंहिता वाचायला घेतली तेव्हा हाच क्रम भेटला आणि मी थक्क झाले. पेया, विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग यूष म्हणजे कढण, मग मांसरस: शोधन झालेल्या रोग्याला बारा अन्नकाळांत, सात दिवसांत, या पायऱ्यांनी वर आणायचं. तिथला दाखला चुलीचा आहे. बारीक विस्तवावर आधी गवत, मग गोवऱ्या घालत तो वाढवावा, तसा जठराग्नी वाढवावा. चरकाचा रोगी वमन-विरेचन झालेला होता, दुष्काळातून आलेला नव्हता, हे खरं. पण पेया आणि पेज हा एकच शब्द आहे. तो आमच्या चुलीपर्यंत कुठल्या वैद्याच्या तोंडून आला, की आधी चुलीवरूनच ग्रंथात गेला, या प्रश्नाने मी अनेक रात्री जागले आहे.

एकदम अन्न देण्याचा धोका केवळ निरंकार उपासानंतर नसतो. दीर्घकाळ अर्धपोटी राहिल्यावरही तो असतो. रत्नागिरीच्या तुरुंगाजवळून जाताना मला कोकणातले गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धन आठवतात. 1932मध्ये ते तिथे कैदी होते. त्यांनी भंगीकाम मागितलं, ते नाकारलं गेलं, आणि त्यांनी अन्न कमी केलं. त्यांच्यासाठी 3 डिसेंबरला गांधीजींनी येरवड्यात उपास धरला, आश्वासन मिळाल्यावर सोडला. त्याआधी 26 सप्टेंबरला, पुणे कराराच्या वेळी, गांधीजींचं उपोषण सुटलं होतं ते संत्र्याच्या रसावर. तो फोटोतला शिष्टाचार नव्हता. उपास सोडताना घोटाने सुरुवात करायची, ही जाणत्यांची रीत होती.

ही रीत ठाऊक नसली की काय होतं, ते एप्रिल 1945मध्ये नाझींच्या बेल्सन छळछावणीत दिसलं. ब्रिटिश सैनिकांनी दयेपोटी आपले डबे उघडले, चरबीचं मांस वाटलं, आणि ते खाऊन माणसं मेली. मुक्ततेनंतर तिथे जे तेरा-चौदा हजार जीव गेले, त्यांत टायफस आणि उपासमारीचा वाटा मोठा. पण या दयेचाही होता. मग डॉक्टरांनी 1943च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं मिश्रण आणवलं: दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ. युरोपातल्या त्या भुकेल्यांना ते फार गोड लागलं, तरी धडा बंगालच्या भुकेल्यांनी घालून दिलेला होता.

पेजेचं मी देव्हारं माजवत नाही. तिच्यात फॉस्फेट नावापुरतं. आमच्याकडचा उकडा तांदूळ बी-1 थोडं राखून ठेवतो, कारण उकडताना ते कोंड्यातून दाण्यात शिरतं. पण खरोखर उपाशी माणसाला ते पुरणार नाही. त्याला इस्पितळातच न्यावं. अन्नाआधी बी-1 द्यावं, रोज रक्त तपासावं. पेजेचा मोठा गुण हा की ती थोडी असते. आज अशा रोग्याला किलोमागे दिवसाला साधारण दहा उष्मांकांपासून सुरुवात करतात. चाळीस किलोच्या माणसाला चारशे.

परवा मी मूठभर तांदूळ काट्यावर टाकले. अडतीस ग्रॅम भरले, म्हणजे सुमारे एकशे तीस उष्मांक. आजी दिवसातून तीनदा पेज देई. आणि तिची मूठ माझ्याहून लहान होती.