‘रात्रीस खेळ चाले’ : चढ कीं उतार?

राजापूरची गंगा केव्हां प्रकट होईल, हें कोणासच निश्चित सांगतां येत नाहीं; म्हणूनच ती आल्याची वार्ता कळतांच लोक उन्हाळे गांवाकडे धांव घेतात. भयकथेचेंहि मर्म या अनिश्चिततेंतच असतें.

‘रात्रीस खेळ चाले’ या दूरचित्रवाणी मालिकेचीं तीन पर्वें झालीं. आकेरी येथें चित्रित झालेलें पहिलें पर्व २०१६ सालीं आलें. अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर वाड्यांत घडणारे प्रकार भुताचे कीं माणसाचे, हा संशय त्यांत होता. विज्ञाननिष्ठ नीलिमा कारणें शोधीत होती. २०१९ च्या पर्वानें काळ मागें नेला. माधव अभ्यंकरांनीं रंगविलेल्या अण्णांची वासना व क्रौर्य भुतांहूनहि भयंकर वाटलें. हा ऱ्हास नव्हे, चढच होय.

उतार लागला तो २०२१ सालीं. अण्णा व शेवंता भुतें होऊन उघड वावरूं लागलीं. संशय सरला आणि भयहि ओसरलें. ज्या मालिकेनें मालवणी बोली घरोघरीं पोंचविली, तिच्यांत कोंकणचा माणूस मागें पडून भूत तेवढें उरलें, ही खरी हानि. ठरल्या वेळीं रोज आणलेल्या गंगेस लोक पाणीच म्हणतील.