कर्ते पुरुष आणि हैदराबादचा निकाल

इतिहास कर्ते पुरुष घडवितात की परिस्थिती, हा वाद युरोपातील पंडितांनी नेपोलियनपासून हिटलरपर्यंतचे दाखले देऊन पुष्कळ रंगविला आहे. आम्हां धाराशिवकरांना त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या गावाला एका राजाचे नाव मिळाले, आणि ते २०२३ साली अधिकृतपणे उतरले. त्याच राजाच्या अखेरच्या वर्षाकडे पाहू.

१९४७ साली निजाम मीर उस्मान अली खान यांचे राज्य सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे होते. चोहोंकडून भारताची भूमी, समुद्रकिनारा नाही, प्रजेत हिंदू फार मोठ्या बहुसंख्येने. अशा राज्याचे स्वातंत्र्य टिकणे शक्यच नव्हते. गादीवर कोणीही असता तरी विलीनीकरण टळले नसते. मग व्यक्तींच्या हाती उरले काय? आमच्या मते, वेळ आणि किंमत.

ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे कराराचा मसुदा निजामांनी मान्य केला होता. शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच २७ तारखेच्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. निजाम कचरले, छत्तारीच्या नवाबांनी प्रधानमंत्रिपद सोडले आणि त्यांच्या जागी लायक अली आले. या जमावामागचा माणूस कासिम रझवी. लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात! गंमत अशी की २९ नोव्हेंबरला सही झाली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर. एका वकिलाने करार बदलला नाही, पण समेटाची वाट बुजवली. त्यानंतर रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे.

याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ निराळ्या जातीचे पुढारी. १९४८ चे बहुतेक दिवस ते तुरुंगात होते, तरी सरहद्दीवरची शिबिरे चालूच राहिली. आपल्यावाचून काम अडू नये अशी माणसे तयार करणे, हे कर्तृत्व आम्हांला अधिक मोठे वाटते.

दिल्लीत नेहरू वाटाघाटींना आणखी अवसर देऊ पाहत होते. सरदार पटेलांच्या आग्रहाने निर्णय झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या फौजेने त्याच दिवशी नळदुर्ग घेतले. १७ तारखेस निजामांनी शरणागती जाहीर केली.

येथे थांबणे सोयीचे असते, पण आम्हांला ते बरोबर वाटत नाही. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने राज्यात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. तो अहवाल कित्येक वर्षे बाहेर आला नाही. हे व्हावे असे नेहरूंनी किंवा स्वामीजींनी इच्छिले नव्हते, आणि त्यांना ते रोखताही आले नाही. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचविले, अशीही नोंद त्याच अहवालात आहे. त्यांना तसे करण्यास कोणत्याही पुढाऱ्याने सांगितले नव्हते.