भारताचा पहिला सामना कुठला? महिला क्रिकेटच्या २०२५ वरून संशोधनाचा एक धडा

पेट किंवा नेट झालेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, "विषय तर ठरलाय, पण सुरुवात कुठून करू?" माझं संशोधन रसायनशास्त्रातलं आहे, पण या प्रश्नाचं उत्तर मला नीट कळलं ते क्रिकेटमुळे. म्हणून आज थोडा इतिहास.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. मी गावी होतो, मुरुडला. (समुद्राकाठचं मुरुड नव्हे. लातूरहून बार्शीकडे जाताना लागतं ते आमचं मुरुड.) कार्तिकी एकादशी होती, आजीचा उपवास होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचं गेलेलं, त्यामुळे घरात बोलणं त्याचंच. तिकडे नवी मुंबईतही पाऊस, डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना उशिरा सुरू झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. भारत ७ बाद २९८. शफाली वर्मा ८७. मग दीप्ती शर्माचे ५ बळी आणि दक्षिण आफ्रिका २४६. आपण ५२ धावांनी जिंकलो.

माझी मावसबहीण, आम्ही तिला ताईच म्हणतो, शेवटपर्यंत जागी होती. लहानपणी आमच्यात सगळ्यात सरळ चेंडू तीच टाकायची. आठवीनंतर तिचं खेळणं बंद झालं. शाळेत मुलांचा संघ होता, मुलींचा नव्हता. चषक उचलला गेला तेव्हा तिनं विचारलं, "आपल्या बायका कधीपासून खेळतात रे?"

मी ठोकून दिलं, "मिताली राजच्या काळापासून असेल."

उत्तर साफ चुकीचं होतं. पण मी चुकलो कसा, हे बघण्यासारखं आहे. मला जिथून आठवत होतं, तिथूनच मी इतिहास सुरू केला. संशोधनात आपण हेच करतो. पहिल्या शोधात जे दहा पेपर सापडतात, त्यातला सगळ्यात जुना पेपर म्हणजे विषयाची सुरुवात, असं धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी मी विक्रमांची आकडेवारी उघडली. तिथे भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना आहे ३१ ऑक्टोबर १९७६ चा, बंगळूरला, वेस्ट इंडीजविरुद्ध. त्याच मालिकेत नोव्हेंबरमध्ये पाटण्याला शांता रंगास्वामी यांच्या संघानं भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. म्हणजे उत्तर १९७६? एखाद्यानं इथेच थांबून प्रकरण लिहून टाकलं असतं.

पण जरा मागे जा. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा २५ वर्षांखालील महिला संघ भारतात आला होता. पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे तीन सामने झाले आणि तिन्ही सामन्यांत भारताची कर्णधार वेगळी होती. हे सामने अधिकृत कसोटी नाहीत, त्यामुळे त्या यादीत ते दिसत नाहीत. आणखी मागे गेलात की १९७३ लागतं. त्या वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा झाली. कुठे? आपल्या पुण्यात. संघ फक्त तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली, तोवर आठ संघ झाले होते. तिसऱ्या स्पर्धेला, कोलकात्यात, चौदा. हा वेग बघा आणि "तेव्हा मुलींना आवडच नव्हती" हे वाक्य तपासून घ्या.

१९७३ ची आणखी एक गोष्ट. महिलांचा पहिला विश्वचषक त्याच वर्षी इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ चा, म्हणजे दोन वर्षं नंतरचा. पण "क्रिकेटचा पहिला विश्वचषक कधी?" असं विचारलं की आपल्या तोंडी १९७५ च येतं.

आता माझ्या विषयातलं एक उदाहरण देतो. पाण्याचा नमुना तपासला आणि एखादं मूलद्रव्य सापडलं नाही, तर आम्ही अहवालात "शून्य" लिहीत नाही, "बीडीएल" लिहितो. म्हणजे डिटेक्शन लिमिटच्या खाली. त्याचा अर्थ एवढाच की आमच्या उपकरणाला ते दिसलं नाही. ते पाण्यात नाहीच, असं त्यावरून म्हणता येत नाही. आकडेवारीची यादी, वर्तमानपत्रं, इंटरनेटवरचा शोध ही सगळी उपकरणंच आहेत, आणि प्रत्येकाची अशी एक मर्यादा असते. "अधिकृत सामने" ही त्या यादीची मर्यादा. १९७५ चं पुणे त्या मर्यादेच्या खाली राहिलं.

कधी कधी नोंद असते, पण प्रश्नच ती झाकून टाकतो. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं आंतरराष्ट्रीय द्विशतक कुणाचं? बहुतेक जण सांगतील सचिन तेंडुलकर, ग्वाल्हेर, २०१०. पण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं १६ डिसेंबर १९९७ ला डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि तेही मुंबईत! धावफलक उपलब्ध आहे, काही लपलेलं नाही. फक्त प्रश्न विचारताना आपण मनातल्या मनात "पुरुषांच्या" हा शब्द घालून टाकतो.

इथे एक सावधगिरी. १९७३ सापडलं म्हणून "तिथून सरळ रेघ २०२५ पर्यंत" असंही लिहू नका. विजयाच्या टोकावरून मागे पाहिलं की सगळं त्याच दिशेनं चाललं होतं असं वाटतं. तसं नव्हतं. १९७८ चा विश्वचषक भारतात झाला, चारच संघ होते आणि डायना एडुलजी यांचा आपला संघ तिन्ही सामने हरला. १९८८ च्या विश्वचषकात भारत नव्हताच. २००५ आणि २०१७ मध्ये अंतिम सामना हरलो, २०१७ ला लॉर्ड्सवर फक्त ९ धावांनी. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. समान सामना मानधनाची घोषणा २०२२ ची, महिला प्रीमियर लीग २०२३ ची. खुद्द २०२५ मध्ये साखळीत आपण लागोपाठ तीन सामने हरलो होतो. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या नसत्या, तर आज "२०२५ चं अपयश" यावर लेख आले असते. १९७३ ते २०२४ चा इतिहास मात्र तोच राहिला असता.

म्हणून तुमच्यासाठी तीन कामं. एक, तुमच्या विषयातली "पहिली" नोंद सापडली की ती कोणत्या यादीतली पहिली आहे, हे शेजारी लिहा. दोन, त्या यादीत यायला काय लागत होतं ते शोधा : पैसा, मान्यता की इंग्रजी? तीन, यादीच्या बाहेर असलेल्या एका तरी माणसाशी बोला. माणसं हयात आहेत तोवरच हे काम होतं. १९७३ ला पुण्यात खेळलेल्या मुली आज सत्तरीच्या आसपास असतील.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी टाकायचे ते पण धरायचं का?"

मी म्हणालो, "बीडीएल."

"म्हणजे?"

"म्हणजे लिहून घ्यायचं राहिलंय."

पुढच्या वेळी गावी जाताना वही घेऊन जाणार आहे. कोणतं वर्ष, कोणतं मैदान, कोण कोण मुली होत्या, आणि आठवीनंतर नेमकं काय झालं. तुमच्याही घरात अशी एक ताई असेल. तिला विचारा, आणि तारखेसकट लिहून ठेवा.