तारा झाकला, तेव्हा तबकडी दिसली

१/ ग्रह जन्मतात कसे? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७५५ साली आणि फ्रेंच गणितज्ञ लाप्लास याने १७९६ साली जवळपास एकच उत्तर दिले : सूर्याभोवती फिरणाऱ्या चपट्या मेघातून. कल्पना देखणी होती. पण दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती अशी तबकडी प्रत्यक्ष दिसायला १९८४ साल उजाडावे लागले. या विलंबाचा हा इतिहास.

२/ अडचण अंधाराची नव्हती, उजेडाची होती. तबकडीतील धूळ ताऱ्याचाच प्रकाश विखुरते आणि ताऱ्यापुढे ती अत्यंत फिकी असते. नुसती मोठी दुर्बीण आणून भागत नाही. तिच्यात तारादेखील अधिकच झगझगतो.

३/ वाट सापडली ती सूर्याच्या अभ्यासात. सूर्याचा करोना बिंबाच्या सुमारे दशलक्षांश तेजाचा. तो पाहण्यासाठी खग्रास ग्रहणाची प्रतीक्षा करावी लागे. १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या बर्नार लिओ याने पिरेनीज पर्वतातील पिक द्यू मिदी शिखरावर दुर्बिणीतच ग्रहण घडवले.

४/ प्रतिमेतील सूर्यबिंबावर चकती ठेवणे सोपे होते. पण भिंगाच्या कडेशी वाकलेला प्रकाश चकतीला चुकवून आत शिरे. लिओने पुढे आणखी एक झडप बसवून तोही अडवला. हाच करोनाग्राफ. १९५२ साली सुदानमधील ग्रहण पाहून परतताना लिओचे निधन झाले. त्याच्या यंत्राचे दुसरे आयुष्य अजून सुरू व्हायचे होते.

५/ १९८३ साली आयरास या अवरक्त उपग्रहाने अभिजित ताऱ्याकडे पाहिले ते मोजमापाचे प्रमाण म्हणून. तारा अपेक्षेपेक्षा अधिक उष्णता देत होता. भोवती कोमट धूळ असल्याची ती खूण होती. बीटा पिक्टोरिस ताऱ्याचीही तीच गत. परंतु खूण म्हणजे चित्र नव्हे.

६/ एप्रिल १९८४. ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कँपानास वेधशाळेच्या २.५ मीटर दुर्बिणीवर करोनाग्राफ लावून बीटा पिक्टोरिस झाकला. दोन्ही बाजूंना एक सरळ रेघ उमटली : कडेकडून दिसणारी तबकडी, सूर्य-पृथ्वी अंतराच्या ४०० पटींहूनही दूर पसरलेली. आपली सूर्यमाला हा विश्वातील एकमेव अपवाद नसावा, याला प्रथमच चित्ररूप आधार मिळाला.

७/ मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. ही तबकडी मूळ द्रव्याची नव्हे. घडून गेलेल्या पिंडांच्या टकरींतून उडालेल्या धुळीची. ग्रह घडत असतानाचे दृश्य अद्याप बाकी होते.

८/ २०१४ साली चिलीतील पारानाल येथे स्फिअर हे उपकरण कार्यान्वित झाले. वातावरणाची थरथर ते लवचीक आरशाने क्षणोक्षणी सावरते, लिओच्याच तत्त्वाने तारा झाकते आणि धुळीवरून विखुरलेला प्रकाश त्याच्या ध्रुवणावरून वेगळा ओळखते. २०१८ साली पीडीएस ७० या सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याच्या तबकडीतील रिकाम्या पट्ट्यात त्याने एक कोवळा ग्रह टिपला.

९/ बीटा पिक्टोरिस महाराष्ट्रातूनही दिसतो. हिवाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजावर अगस्ती शोधा; त्याच्या पश्चिमेला, सुमारे सहा अंशांवर, तो अंधुक ठिपका आहे. तबकडी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. तिच्यासाठी आधी तारा झाकावा लागतो.